आठव्या घरातला मंगळ

खगोलशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या हेमांगीनं करोल बागेतल्या एका दुकानाला पत्रिका मांडणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहून दिला, तेव्हापासून तिचे बाबा तिच्यावर चिडून होते. दिनकरराव पक्के नास्तिक. नोएडातल्या नव्या फ्लॅटची त्यांनी वास्तुशांतसुद्धा करू दिली नव्हती.

"आकाश शिकलीस ते या ढोंग्यांसाठी?" ते म्हणत.

"मी फक्त ग्रह कुठे आहेत तेवढं सांगते, बाबा. त्यात खोटं काही नसतं."

मग एका सकाळी हेमांगीनं लग्नासाठी निवडलेल्या अंशुमनच्या आईचा फोन आला. "मुलांनी एकमेकांना पसंत केलंय, आमची काही ना नाही. फक्त पत्रिका पाठवा. कॉम्प्युटरचीच हं, तिच्यात चूक होत नाही. मंगळ मात्र आमच्याकडे बिल्कुल चालत नाही."

हेमांगीचा मंगळ आठव्या घरात होता. अगदी कडक.

संध्याकाळभर दिनकरराव बाल्कनीत येरझारा घालत राहिले. शेवटी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये... मंगळ जरा पुढच्या घरात सरकवता येतो का गं?"

हेमांगीनं मान वर केली नाही. तो तिनं दुपारीच सरकवला होता.