चौकोनांची रांगोळी

दारात तीन रिकामे चौकोन रेखून कुमुदताईंनी ऐटीत लेकीला फोटो पाठवला. तिचं चिनी भाषेतलं पहिलं पुस्तक निघालं होतं. कॉम्प्युटरवर त्याच्या पहिल्या पानावर हे तीन चौकोनच दिसत होते. लेकीचंच नाव असणार!

तैवानहून लेक फोनवर हसत सुटली. "आई, ती अक्षरं नव्हेत! चिनी फॉन्ट नसला की चौकोन दिसतात. कुणाला तरी बोलावून टाकून घे."

"कुणाला कशाला? तू सांग, मी टाकते."

फॉन्ट बसला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर चौकोनांच्या जागी अक्षरं! कुमुदताईंनी रांगोळी पुसली, रेघ न् रेघ बघून नवी काढली.

"झोकात आलंय बघ तुझं नाव!"

"माझं नाही गं. पुस्तक तुला अर्पण केलंय. ते तुझं नाव आहे."

कुमुदताईंनी हात झटकले आणि शेजारणींना हाका मारल्या.