अर्धी नदी

वैनगंगेच्या वळणाआड, सकाळच्या उन्हात, पिवळी ओढणी आधी खुशाल शिपायाला दिसली. त्यानं बांबू रोवून डोंगा थांबवला. प्रेत कुणाचं ते कळायला जवळ जायची गरज नव्हती. परवा रंजू हीच ओढणी घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसली होती. नवरा मारून टाकील, एवढंच सांगत होती.

"आपल्याच अंगाला हाये," मागे बसलेले हवालदार घनश्याम हळूच म्हणाले. "पलीकडे लोट. मधल्या धारेपासून तिकडच्या ठान्याची हद्द."

"साहेब, तिची माय काठावर बसून हाये."

"म्हनूनच म्हनतो, आटप. तक्रार न घेता तिले वापस कोनं धाडलं?"

"तुमीच सांगलं होतं."

"सांगलं असन. टेबलावर तू होता. वर्दी कोनाची उतरन?"

 खुशालचा बाप आसाराम याच पाण्यातून बुडालेल्यांना काढायचा. हाक आली की जाळं तसंच टाकून निघायचा, आणि त्या दिवशी मासळी धरायचा नाही. प्रेत त्यानं कधी ओढत आणलं नाही. धोतराच्या सोग्यात घेऊन, निजलेलं लेकरू ठेवावं तसं काठावर ठेवायचा.

खुशालनं डोंगा जवळ नेला, बांबूचं टोक तिच्या कमरेला लावलं आणि ढकललं. ती थोडी गेली, पाण्यानं परत डोंग्याशी आणली. पुन्हा जोर लावला तर केस बांबूला गुंडाळले. सुटेनात. शेवटी तो वाकला, पाण्यात कोपरापर्यंत हात घालून त्यानं केस मोकळे केले आणि हातानंच तिला लोटलं. मग धारेनं तिला नेलं.

"चाल," घनश्याम म्हणाले.

डोंगा काठाला लागायच्या आधीच सखाबाई चिखलात उतरली.

"भेटली काय रे माही रंजू?"

खुशालनं नुसती मान हलवली. नाही.

"भेटन. तू तं आपल्यातला हायेस, ढिवराचा पोरगा. ह्या बाकीच्याईले पानी काय समजते?" तिनं त्याचे हात धरले. "पाय बरं, कसे गारठून गेले."

पदराच्या कोरड्या टोकानं ती त्याचे हात पुसू लागली. आधी तळवे, मग बोटं, बोटांच्या बेचक्या. कोरडे झाले तरी पुसत राहिली. खुशालला हात ओढून घेता येईना.

"आता जाय, बापू," ती म्हणाली. "अजून एक चक्कर मार."