स्वागतगीतानंतरचं भाषण

दहशतवादविरोधी नागरिक मंचाच्या वार्षिक सभेत स्वागतगीत संपलं, की हेमलताबाईंनी बोलायचं हे ठरलेलंच होतं. बाजारातल्या बॉम्बस्फोटात त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून मंच त्यांना विसरला नव्हता. वर्षातून एकदा नेमानं आठवण काढत असे.

"वहिनी, बोलताना भरून आलं तर आवरू नका हं," चिटणीस पारनाईकांनी हळूच सुचवलं.

यंदा मात्र बाईंना रडायचं नव्हतं. दरवर्षी गेलेल्या नवऱ्याबद्दल सांगता सांगता जिवंतपणीचा नवरा हातून निसटत चालला होता. म्हणून त्यांनी सांगितलं, की ते बाजारातून हमखास कडू काकड्या आणायचे आणि कडू नाहीत हे पटवायला एकटेच सगळ्या संपवायचे. सभागृह खळखळून हसलं. बाईही हसल्या. बऱ्याच वर्षांनी ते घरी आल्यासारखं वाटलं.

त्या खाली उतरल्या तेव्हा पारनाईकांचा चेहरा पडला होता.

"अशानं लोक पेटून कसे उठणार, वहिनी? पुढच्या वर्षी एखादं ताजं कुटुंब बघावं लागेल आम्हाला."

"बघा हो," शालीची घडी घालत बाई म्हणाल्या. "देव करो आणि तुम्हाला न मिळो."