शिवप्रकाशचे तीन महिने

“मग आज त्याचे किती दिवस झाले?” भागम्मानं विचारलं.

“आपली चौदा वर्षं व्हायला आली. त्याचे तीन महिने,” तिच्या ताटात भाकरी कुस्करत ईश्वरअप्पा म्हणाले.

“म्हंजी अजून बावीसचाच हाय शिवू.”

“बावीसचाच.”

ईश्वरअप्पांनी सेलूच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ नागनाथ विहिरीत सापडला, मुलगा गेला, त्याच महिन्यात भागम्माच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. तेव्हापासून सकाळचं तिला दुपारी आठवत नसे. मुलाची चौकशी मात्र ती रोज करी, आणि ईश्वरअप्पा रोज तितक्याच शांतपणे समजावत. शिवू यानात बसून गेलाय. यान उजेडाच्या वेगाच्या जवळपास धावायलंय. जितका वेग जास्त, तितका काळ सावकाश. वाटेत एक लय जड तारा हाय, त्याच्या ओढीनं काळ आणखीच रेंगाळतो.

“ओढीनं काळ कसा रेंगाळंल?”

“आपल्या इथंबी रेंगाळतो. पाण्याच्या टाकीवर एक घड्याळ ठेवलं आन एक खाली, तर खालचं मागं पडतं. डोळ्याला दिसत न्हाई इतकं बारीक. पण मोजता येतं.”

भागम्मा मान डोलवी आणि जेवू लागे. रोज ऐकून एवढंच तिच्या डोक्यात रुजलं होतं.

यातलं विज्ञान सगळं खरं होतं. खोटा होता फक्त शिवप्रकाशचा प्रवास.

शनिवारी मानवतहून त्यांची मुलगी शिवरंजनी आली. तिनं आईची वेणी घातली, धुणं वाळत टाकलं आणि ओट्यावर वडिलांजवळ येऊन बसली.

“सोमवारी चौदा वर्षं पुरी होतात, अप्पा.”

“मला म्हाईत हाय.”

“मग मायला कधी सांगणार?”

“सांगून काय होणार? खरं कळलं तर ती एक दिवस जगायची न्हाई.”

“आन शिवूचं काय?”

ईश्वरअप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं.

“त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं, रंजू.”

शिवरंजनी रडली. निघताना तिनं फळीवरचा भावाचा फोटो पदरानं पुसला. कॉलेजात असताना काढलेला. दाट केस, कोवळी मिशी. फोटोला हार नव्हता.

सोमवारी ईश्वरअप्पांनी लवकर अंघोळ केली, ते पूजेला बसले आणि रोजची वेळ टळली तरी देवघरातच राहिले. दहाच्या सुमारास दार वाजलं. भागम्मानं भिंतीला धरत जाऊन कडी काढली.

बाहेर एक वाकलेला माणूस उभा होता. केस निम्म्याहून जास्त पिकलेले, पुढचे दोन दात पडलेले, काखेत कापडी पिशवी.

“माय,” तो म्हणाला.

“ये बाबा, बस. उन्हाचा आलास. पाणी देते.”

तिनं तांब्या आणून दिला. तो तिच्या तोंडाकडे बघत पाणी प्यायला. कुणीतरी ऐकायला आहे म्हटल्यावर भागम्माला बरं वाटलं.

“माझा पोरगा येणार हाय. लय लांब गेलाय. आमी म्हातारे झालो, पण तो गेला तसाच येणार. हे बघ.” तिनं फळीवरून फोटो काढून त्याच्या हातात दिला.

त्यानं फोटोवरून अंगठा फिरवला. “माय, मीच शिवू.”

भागम्माचा चेहरा आक्रसला. तिनं फोटो हिसकावून छातीशी धरला. “अवो,” ती ओरडली, “कोण हाय हा बघा! शिवूचं नाव सांगायलाय!”

ईश्वरअप्पा देवघरातून बाहेर आले. त्या माणसाला पाहून त्यांनी चौकटीला हात टेकला.

“कुणी न्हाई,” ते म्हणाले. “वाटसरू हाय. जाईल आता.”

तो माणूस उठला. त्याचा आवाज चढला नाही.

“अप्पा, नागनाथकाकाला विहिरीत तुमी ढकललं, हे चौदा वर्षं जेलमधी मी कुणाला बोललो न्हाई. आता मी कोण हाय, एवढं तुमी तिला सांगा.”