एकवीस दिवसांची सफाई

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"महिन्यापूर्वी तुमच्या दोन्ही किडन्या ठणठणीत होत्या. मधल्या काळात काय केलंत?"

ताई सावरून बसली. सांगण्यासारखं काहीतरी केलंच होतं तिनं. एकवीस दिवस पोटात अन्नाचा कण नाही. नुसता पालकाचा आणि बीटाचा रस, दिवसाला आठ ग्लास. शरीरातली सगळी घाण धुऊन निघते, असं डाएटच्या पुस्तिकेत ठळक छापलं होतं. दोनदा चक्कर येऊन पडली, पण नेम मोडला नाही.

"त्या रसानंच किडन्यांना इजा झालीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता बंद केलात तर तुमचं निभावेल. पण धडधाकट माणसानं एवढा अट्टहास कशासाठी करायचा?"

ताईनं काचेपलीकडच्या खोलीत पाहिलं. डायलिसिसच्या मशीनला जोडलेल्या धाकट्या भावानं तिला बघून मोकळा हात हलवला.

"पुढच्या आठवड्यात एक त्याला द्यायची होती ना," ती म्हणाली. "म्हटलं, दुसऱ्याला द्यायची वस्तू, धुऊनपुसून द्यावी."