चोचीची खूण

शाल्मलीनं संग्रहालयातला शेवटचा ड्रॉवर उघडला. रुईवर वाढलेलं विषारी केशरी फुलपाखरू पक्षी चोचीत पकडतो आणि तोंड कडू झालं की थुंकून देतो, हे तिला सिद्ध करायचं होतं. पंखावर चोचीनं फाटल्याची एक खूण, बस्स! नाहीतर इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

काचेखाली फुलपाखरांच्या रांगाच रांगा होत्या. सगळ्यांचे पंख अखंड.

ही फुलपाखरं जमवणारे, आता निवृत्त झालेले घैसाससर शेजारीच उभे होते. तिनं रडवेल्या आवाजात विचारलं, "सर, फाटकं एकसुद्धा नाही?"

सरांना ते कौतुकच वाटलं. रुमालानं काच पुसत ते म्हणाले, "असेल कसं? चोचीनं फाटलेली ढिगानं सापडायची. निवडून निवडून फेकली मी, पोरी!"