कानावरचा चिमटा

मालकाची लेक जाहिरातीचा व्हिडिओ करायला चालत्या ट्रकमध्ये ड्रायव्हरकाकांशेजारी बसली होती. ‘माल वेळेआधी पोच’ ही हमी तिनंच सुचवलेली. त्याच जोरावर चार नवी गिऱ्हाइकं जोडली होती. काकांच्या कानाच्या पाळीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा होता. “काका, हा कसला डूल?” “त्यानं झोप पळते गं पोरी. तुझ्या हमीपायी दोन दिवस पाठ टेकली नाही. थांब, काढतो, व्हिडिओत वाईट दिसेल.” काकांनी चिमटा काढला, तिनं मोबाईल धरला. काका हसले, आणि हसतानाच त्यांच्या पापण्या तान्ह्या बाळागत अलगद मिटल्या. ट्रक पुलाच्या कठड्याकडे वळला. ती किंचाळली, काकांनी दचकून करकचून ब्रेक दाबले, कठडा वीतभरावर राहिला. तिनं किल्ली काढली, गिऱ्हाइकाला फोन लावला. “साहेब, माल उशिरा येईल. कारण? आमचे काका आता झोपणार आहेत.”